भट्टीचे नियंत्रक आणि आपले उत्तरदायित्व



त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल येथे माझ्या चिकित्सालयात मागे एका सिद्धतैलाच्या बाटल्या आल्या. झाकण उघडताच करपट गंध आला. दग्धपाक झाला होता, हे स्पष्टच होते. माल परत पाठविला. चौकशीअंती कळले, की पाकपात्रातील जीर्ण तापमापक प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवीत होता आणि कित्येक वर्षांत त्याचे कॅलिब्रेशन झालेच नव्हते. आकड्यावर विसंबून वर्तिपरीक्षाही कोणी केली नव्हती.

‘यंत्र चालते आहे, मग बदलावे कशाला?’ असा प्रश्न अनेक फार्मसीचालक विचारतात. त्यांची आर्थिक अडचण मला मान्य आहे. परंतु जुनी नियंत्रण यंत्रणा ही याप्य व्याधीप्रमाणे असते. आधार आहे तोवर ती तग धरते, तो सुटताच कोसळते. अनेक जुन्या पीएलसींमधील प्रोग्राम वीज बंद असताना केवळ एका लहानशा बॅटरीवर टिकून असतो; तेव्हा बॅटरी संपलेली असली की तो पुसला जातो. विंडोज एक्सपीचे सुरक्षा-साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजीच संपले, तरी त्यावरील संगणक आजही काही कारखान्यांत आढळतात. पेन ड्राइव्हद्वारेही पसरू शकणारा ‘स्टक्सनेट’ विषाणू २०१० मध्ये उघडकीस आल्यापासून, इंटरनेट नसले म्हणजे यंत्र निर्धोक, हा समजही फोल ठरला आहे.

यावर उपचार बलाबल पाहूनच करावा. प्रथम प्रत्येक नियंत्रकाची नोंद करून त्याच्या प्रोग्रामची प्रत सुरक्षित ठेवावी. नंतर तापमापक प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहावेत. त्यापुढे टप्प्याटप्प्याने बदल करावा आणि नव्या यंत्रणेवरील आरंभीच्या बॅचेस जुन्या नोंदींशी पडताळाव्यात. हा निर्णय केवळ अभियंत्यावर सोपवू नये. पाक कोठे थांबवावा, हे त्याला वैद्यानेच सांगितले पाहिजे.

‘शेड्यूल टी’ने बॅचच्या नोंदी बंधनकारक केल्या आहेत. परंतु मूळ आकडाच खोटा असेल, तर नीटनेटकी नोंदवही काय कामाची? वर्ती, शब्दहीनता, फेनोद्गम या शास्त्रोक्त परीक्षा यंत्राची साक्ष तपासतात आणि यंत्र आपल्या इंद्रियांची. दोहोंपैकी एकही वगळू नये.

पाड्यावरून पायपीट करून येणारा रुग्ण बाटलीवरील नावावर नव्हे, तर आपल्या शब्दावर विश्वास ठेवून औषध घेतो. त्या विश्वासाचे मोल नव्या तापमापकाहून निश्चितच अधिक आहे.

इत्यलम्।