नावडले असे म्हणण्याचा अधिकार

मुले वाचत नाहीत, गाणी म्हणून नुसता गोंगाट ऐकतात आणि दूरचित्रवाणीसमोरून हलत नाहीत, ही तक्रार पालक-मेळाव्यात आम्हांला दरवर्षी ऐकावी लागते. तक्रारीत तथ्य आहे. तथापि आम्हांला अधिक चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. जे वाचले, ऐकले, पाहिले त्याविषयी विचारले, की आमची मुले 'छान होते' एवढेच सांगतात. शिक्षकांना काय रुचेल याचा अंदाज घेऊन ती बोलतात. मनात उमटलेले बाहेर येतच नाही.

हा प्रश्न किरकोळ मानू नये. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याला ग्रंथ हाती घेण्याचा हक्क झगडून मिळवावा लागला. परंतु वाचण्याचा हक्क हा अर्धाच हक्क होय. वाचून झाल्यावर 'हे मला पटले नाही' असे निर्भयपणे म्हणता येणे, हा त्याचा उरलेला अर्धा भाग.

या बाबतीत बाबासाहेबांनीच एक दाखला ठेवला आहे. 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली लिहिलेली एक प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत आली नाही. ती पुढे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. तीत ते सांगतात, की वडील घरी मुलांकडून रामायण-महाभारताचे नित्य वाचन करवून घेत. केळुसकर गुरुजींनी सत्कारप्रसंगी भेट दिलेले बुद्धचरित्र वाचून शाळकरी भीमराव भारावून गेले. बौद्ध साहित्याची ओळख आम्हांला का करून दिली नाही, ज्यांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता आहे तेच ग्रंथ का वाचायला लावता, असे त्यांनी वडिलांना विचारले. वडिलांनी प्रथम दटावले. काही काळाने तोच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा मात्र वडील उत्तराची तयारी करून होते. अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये, द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्यासारखे सामान्य स्थितीतून वर आलेले लोक त्यांनी पाहावेत, हा आपला हेतू त्यांनी सांगितला. भीमरावांना त्यात थोडे तथ्य दिसले, पण समाधान झाले नाही. महाभारतातील एकही व्यक्ती आपल्याला आवडत नाही, हे त्यांनी कारणांसह सांगितले.

या प्रसंगात आम्हांला पिता आणि पुत्र दोघेही मोलाचे वाटतात. प्रश्न दुसऱ्यांदा विचारणारा मुलगा हवा, तसाच दुसऱ्या वेळी विचार करून उत्तर देणारा पिताही हवा. आपण पालक आणि शिक्षक बहुधा पहिल्या दटावणीवरच थांबतो.

२०१९ साली बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या परिचयातील वडीलधारी मंडळी ती हात जोडून पाहत. मुले मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात विचारीत, 'सर, हे खरेच असे घडले होते का?' यात अश्रद्धा कोठे आली? साधन तपासून पाहणे ही तर इतिहासाची पहिली पायरी. 'फँड्री' पाहून एका मुलाने लिहिले, की डुक्कर पकडताना गावकरी हसले तेव्हा मीही हसलो, आणि शेवटचा दगड माझ्यावरच आला असे वाटले. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचून एक मुलगी म्हणाली, की हे पुस्तक मैत्रिणींना दाखवावेसे वाटत नाही. 'लाज कसली वाटते?' असे म्हणून तिला गप्प करणे सोपे होते. पण ज्यांनी ते जिणे लादले त्यांची लाज ती स्वतःच्या माथी का घेते, हे तिच्याशी बोलल्यावाचून तिला उमगणार नाही.

वामनदादा कर्डकांची गाणी जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर वाजतात. मुले मनसोक्त नाचतात. नाचू द्यावे. दुसऱ्या दिवशी मात्र कोणती ओळ लक्षात राहिली, ते विचारावे. 'एकही नाही' असे उत्तर आले तरी ते खरे उत्तर आहे, आणि तेथून शब्दांकडे वळता येते.

अशाने मुलांत आदर उरणार नाही, अशी शंका काहींना येईल. त्यावर आमचे म्हणणे एवढेच, की नापसंतीबरोबर कारणही मागावे. कारण शोधताना मूल पुस्तकाकडे पुन्हा जाते, आणि आदर टिकायचा असेल तर तो अशा दुसऱ्या वाचनातच टिकतो.

म्हणून आमची एक सूचना आहे. वसतिगृहातील प्रत्येक खोलीत एक वही असावी. काय वाचले, ऐकले वा पाहिले, काय वाटले आणि का, एवढेच तीत लिहावे. तिला गुण नसावेत, लाल शाईही नसावी. माजी विद्यार्थी ग्रंथालयास पुस्तके भेट देतात, त्यांनाही विनंती, की आतल्या पानावर केवळ नाव आणि तारीख घालून थांबू नका. वाचताना काय वाटले, कोठे पटले नाही, हे दोन ओळींत लिहा, आणि खाली जागा कोरी सोडा. पुढे ते पुस्तक उघडणारे मूल तेथे आपल्या दोन ओळी लिहील.