रविवार स्वयंपाकघरात कधी पोहोचणार?

(द्वितीय वर्ष, कला)

शनिवारचा शेवटचा तास संपला की वर्गात एकच विषय निघतो : उद्या काय खायचे आणि कोणता सिनेमा पाहायचा? आवडनिवड हा तसा गप्पांचा विषय. ज्याची त्याची आवड, त्यावर वाद नको, असे म्हणतात. मला मात्र वाटते की, काय आवडते हे सांगताना ते कोणाच्या कष्टावर आवडते, हेही सांगायला हवे. म्हणून माझ्या तीन आवडी येथे मांडते आणि त्यांच्या पाठोपाठ एक मागणीही.

पहिली आवड वडापाव. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली पावात वडा घालून विकायला सुरुवात केली असे मानतात. तेव्हापासून तो कसाऱ्यापर्यंत सगळ्या स्टेशनांवर पोहोचला आहे. खर्डी आणि कसारा यांच्यामध्ये आमचे उंबरमाळी. कॉलेज सुटल्यावर आसनगावला लोकलची वाट पाहताना हातात गरम वडापाव असला की गाडी उशिरा आली तरी चालते. त्याला ताट लागत नाही, बसायला जागा लागत नाही आणि शेजारी उभा असलेला कोण, कुठला, हे कोणी विचारत नाही. शिवाय वडेवाल्याला त्याच्या कष्टाचे पैसे रोख मिळतात आणि वडे संपले की तो गाडी बंद करून घरी जातो. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे लागणार आहे.

दुसरी आवड ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. परेश मोकाशी यांचा हा २००९ सालचा चित्रपट मोबाइलवर कितीही वेळा पाहिला तरी हसू येते. दादासाहेब फाळके आपल्या कसारा घाटापलीकडचे, त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्या काळी सिनेमात काम करायला बाई मिळेना. तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या. आचाऱ्याची नायिका झाली ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण त्याच चित्रपटाच्या वेळी सरस्वतीबाई फाळके साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत होत्या, कपडे धूत होत्या आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडीत होत्या. भारतीय चित्रपटाचे जनक कोण, हे परीक्षेत विचारतात. त्या जनकाच्या कंपनीला जेवू कोणी घातले, हा प्रश्न मी अजून कोणत्याही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही.

तिसरी आवड आईच्या हातची शेवळाची भाजी. पहिल्या सरींबरोबर आमच्या रानात शेवळं उगवतात आणि थोड्याच आठवड्यांत दिसेनाशी होतात. ठाकूर, कातकरी बाया ती कल्याण, ठाणे, दादरच्या बाजारात नेतात. तिकडच्या सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत कोळंबी किंवा सोडे घालून ती मोठ्या आवडीने खातात. आमच्याकडे साधीच करतात आणि सोबत तांदळाची भाकरी. ही भाजी म्हणजे खेळ नव्हे. शेवळं नीट साफ केली नाहीत तर घसा खाजतो. वरची पाने सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचे आणि काकडं नावाच्या आंबट-तुरट फळाचा रस घालून शिजवायचे. यात अर्धा दिवस जातो. ज्या दिवसांत हे सगळे करायचे, त्या दिवसांत पाण्याची बोंब असते. १८९२ साली बांधून झालेले तानसा आमच्याच शहापूर तालुक्यात, भातसाही येथेच. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. भाजी धुण्याआधी हंडा भरावा लागतो. मग पानावर बसून आपण म्हणतो, ‘वा, काय चव आहे!’ आणि हात धुतो.

आता माझ्या मागणीकडे येते. रविवारची सुट्टी आभाळातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेऊन ही मागणी मांडली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे ही हकिकत घरी मी पहिल्यांदा सांगितली. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग त्या बायांना रविवारी घरी कोनी वाढलं?”

या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. आकडे मात्र सापडले. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात. पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे बाईचे रोजचे पाच तास बिनपगारी जातात. रविवारी तर सगळे घरी असतात, पाहुणे येतात, ‘आज काहीतरी वेगळं कर’ अशी फर्माईश होते. ज्या दिवशी घरातल्या सर्वांना सुट्टी, त्याच दिवशी तिचे काम वाढते.

यावर काही जण म्हणतील, आईला करून घालण्यातच आनंद असतो. असेलही. पण आनंद वाटतो म्हणून कोणाची सुट्टी रद्द करीत नाहीत. आमच्या प्राध्यापकांनाही शिकवण्यात आनंद वाटतो, तरी रविवारी ते तास घेत नाहीत! ‘आईच्या हातची चव’ हे शब्द आपण फार सहज वापरतो. वडेवाल्याला आपण पैसे देतो आणि आईला स्तुती देऊन मोकळे होतो.

आणखी एक गोष्ट. बहुतेक महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत पाककला स्पर्धा म्हणजे विद्यार्थिनींचे काम आणि मुलगे फक्त चव घ्यायला हजर. पुढच्या वर्षी आपल्याकडे ही स्पर्धा केवळ विद्यार्थ्यांसाठी ठेवावी, अशी माझी सूचना आहे. परीक्षक म्हणून आयांना बोलवावे. त्यांना खुर्चीवर बसवावे आणि त्यांच्यापुढे पान वाढावे. ज्यांना हे हसण्यावारी न्यायचे असेल त्यांनी अण्णा साळुंके आठवावेत. पुरुषाच्या हाताला चुलीचे काम शोभत नाही, असे त्यांना कोणी सांगितले असते, तर आपल्या पहिल्या चित्रपटाला तारामती मिळाली नसती.

मित्रमैत्रिणींनो, आपली आवड सोडायला मी सांगत नाही. सिनेमा पाहा, वडापाव खा. फक्त घरातला जो पदार्थ आपल्याला सर्वांत आवडतो, तो एक तरी आपल्या हाताने करायला शिका आणि एखाद्या रविवारी आईला आयते वाढा. शेवळापासून मात्र सुरुवात करू नका. ती साफ करताना चूक झाली, तर आईचा घसा खाजेल आणि दुसऱ्या रविवारी ती पुन्हा चुलीपुढे जाऊन बसेल.