काढा आणि कसोटी

गोडादऱ्यातील आपल्या वस्तीत दाराशी सदाफुली नाही असे घर विरळाच. शेजारच्या गुजराती भगिनी तिला बारमासी म्हणतात. मध्यंतरी एका परिचितांकडे आम्ही समाचारास गेलो होतो. घरातील आजींना कर्करोगाचे निदान झाले होते. परंतु रुग्णालयाची तारीख पुढे ढकलून त्यांना सदाफुलीच्या पानांचा रस देणे चालू होते. “औषध यातूनच निघते ना?” असे मुलाने आम्हांस विचारले.

निघते, हे खरे. १९५८ साली कॅनडातील नोबल आणि बीअर यांनी सदाफुलीतून व्हिन्ब्लास्टिन वेगळे केले. त्यांचा शोध मुळात मधुमेहावरील औषधाचा होता; पण अर्क टोचलेल्या उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या आणि शोधाची दिशाच पालटली. पुढे याच झाडातून मिळालेले व्हिन्क्रिस्टिन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात. मात्र ते पानांत अत्यल्प असते. शुद्ध करून, काटेकोर मोजून, शिरेतूनच द्यावे लागते. वाटीभर रसात औषध किती आणि विष किती, हे कोणी मोजावे?

‘अमुक वनस्पती कर्करोगावर गुणकारी’ अशा बातम्या आपण नेहमी वाचतो. प्रयोगशाळेत अर्क घातल्यावर जांभळे द्रावण पिवळे पडले, की त्यात ऑक्सिडीकरण रोखण्याचा गुण आहे असे समजतात. मग काचेच्या पात्रातील कर्कपेशींवर अर्क घालून पाहतात. पण अशा पात्रात पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात! निरोगी पेशी वाचतात का, अर्क पचून रक्तात पोहोचतो का, ही खरी कसोटी पुढेच असते.

ती किती लांबते, हे आपल्यापैकी अनेकांच्या खानदेशातीलच एका सुपुत्राच्या कार्यावरून कळते. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले डॉ. मनसुख वाणी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासह संशोधन करीत. पॅसिफिक यू वृक्षाची साल १९६२ साली गोळा झाली. तिच्यातील टॅक्सॉलची रचना या मंडळींनी १९७१ साली प्रसिद्ध केली आणि औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली १९९२ साली. तीस वर्षे लागली!

तेवढा धीर शास्त्राने धरावा, रुग्णाने नव्हे. उपचार वेळेवर सुरू करावेत, आणि काढा घेत असल्यास तो डॉक्टरांपासून लपवू नये, कारण काही वनस्पती औषधाच्या कार्यात बाधा आणतात.

पुढच्याच आठवड्यात मुलाने आजींना रुग्णालयात नेले. सदाफुली दाराशीच आहे. तिची जागा तीच.