जाते आणि तबकडी

दिवाळीच्या तोंडावर प्रत्येक घरात काही ना काही नवे येते. कोणाकडे पैठणी येते, कोणाकडे फ्रीज येतो, निदान चकलीचा नवा सोऱ्या तरी येतोच. यंदा आमच्या घरी आली ती खिशातल्या पंचांगाएवढी धातूची एक डबी. "ही कोणत्या देवापुढे ठेवायची?" असे घरच्या मंडळींनी विचारलेसुद्धा! ती होती संगणकाची हार्ड डिस्क. मराठी शिकवणाऱ्या बाईने लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात असली खरेदी का करावी, ते सांगते.

आमचा जुना संगणक भाद्रपदापासून आवाज करू लागला होता. टक्... टक्... टक्. पहिल्या दिवशी मला वाटले, भिंतीवर पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी कळले, की पाल डब्यातच आहे. दारव्ह्यात संगणकदुरुस्ती करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. त्याने कान लावला आणि घाईघाईने बटण बंद केले. "सर्व काही राहू द्या मॅडम, पण याले आता उगाच चालू नोका करू. एखाद्या डावी कायमची बसन."

माझ्या पोटात गोळा आला. त्या डब्यात माझ्या आत्याचा आवाज होता.

२००८ सालच्या उन्हाळ्यात मी पीएच. डी. करण्याच्या उमेदीने घाटंजीकडच्या आमच्या गावी गेले होते. आत्या आणि तिच्या बरोबरीच्या बाया यांच्या जात्यावरच्या ओव्या मी ध्वनिमुद्रित केल्या. एकेचाळीस फिती म्हणू या, जरी फीत त्यात कुठेच नव्हती. सगळे मिळून सहा तास. यंत्र पाहून आत्या म्हणाली होती, "पाठ कर ना वं बाई, डब्ब्यात काहाले भरून ठेवतं?" मी हसले होते. पुढे पीएच. डी. राहिली, आत्या गेली, तिच्या सोबतिणीही एकेक करून गेल्या. ओव्या डब्यात राहिल्या.

यवतमाळला एस्टीने जाऊन डिस्क आणली. दुकानदार नव्या तऱ्हेची, आत काहीच न फिरणारी डिस्क दाखवीत होता. ती झटपट काम करते, हे खरे. पण तेवढ्याच पैशात फिरत्या डिस्कमध्ये कितीतरी अधिक मावते. मी प्राध्यापकी हिशेब केला आणि फिरती घेतली.

घरी आल्यावर विद्यार्थ्याने आधी मला तिचे अंतरंग समजावले, आणि मी थक्कच झाले. वाचकहो, आत चक्क जाते आहे! गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात. त्यांच्यावर एक बारीक दांडी फिरते. तिच्या टोकाशी वाचणारे-लिहिणारे डोके असते, आणि ते तबकडीला शिवत नाही. केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अशा अंतरावर तरंगते. शिवले, की तबकडीवरचे लिखाण खरवडले जाते. आमच्या डब्यातले ते टक्-टक् म्हणजे आपली जागा न सापडलेल्या डोक्याची धडपड होती.

असले पहिले यंत्र १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने आणले. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाहून जास्त, आणि मावत किती? पन्नास लाख अक्षरे. त्यात माझ्या आत्याचे गाणे अर्धा मिनिटही राहिले नसते!

बसवण्याचे काम मात्र सुईत दोरा ओवण्याइतकेच. वीज तोडायची, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या लोखंडाला हात लावायचा, डिस्क खाचेत सरकवायची, चार स्क्रू पिळायचे. स्क्रू मी हट्टाने स्वतःच पिळले. मग दोन केबली: अरुंद ती माहितीची, रुंद ती विजेची. दोहोंच्या तोंडाला काटकोनी वळण असते, त्यामुळे उलटी लावू म्हटले तरी लागत नाही. माणसांच्या जिभेलाही अशी सोय असती तर!

सुरू केल्यावर पाहते, तो विकत घेतलेल्या हजार जीबींपैकी दिसत होत्या ९३१. मी दुकानदाराला शिव्या मोजणार, तोच विद्यार्थी हसला. कारखानदार हजाराने मोजतो, संगणक एक हजार चोवीसने. चोरी कोणाचीच नाही, शेर तेवढे वेगळे.

नव्या डिस्कवर विंडोज चढवल्यावर त्याने जुनी शेजारी जोडली. "आधी काय पायजे ते सांगा. हे किती वेळ जीव धरन, सांगता येत नाही." मी म्हटले, "ओव्या." लग्नाचे फोटो, प्रश्नपत्रिका, सारे मागे राहिले. एकेक ओवी नव्या घरी येऊ लागली. चाळीस आल्या. एकेचाळिसावीवर टक्-टक् वाढले आणि जुने जाते थांबले ते थांबलेच.

ती आत्याची शेवटची होती. सासरी निघालेल्या लेकीची.

पुण्यात गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीच्या खेड्यांतून आरंभ करून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या 'परी' या संस्थेने जगापुढे ठेवायला सुरुवात केली. त्यांनी जमवले ते वाटले. मी जमवले ते सतरा वर्षे कुलपात ठेवले, आणि एकदाही लावून ऐकले नाही. 'मुद्रित केले आहे' या समाधानात मी ऐकायचेच विसरले होते.

रात्री गावी वहिनीला फोन लावला. रडवेल्या आवाजात ओवीचा विषय सांगितला. ती म्हणाली, "थे ओवी त मले येते न ताई! आत्याबाईनंच शिकवली." आणि तिने भांडी घासता घासता म्हटली. पहिल्या दोन ओळी अगदी आत्याच्या. तिसरी निराळी. आत्याच्या ओवीत लेक वळून पाहत होती. वहिनीच्या ओवीत ती पाहत नव्हती.

"असं कसं?" मी विचारले.

"मी नव्हतं पाह्यलं," वहिनी म्हणाली.

आता चाळीस ओव्यांच्या तीन प्रती केल्या आहेत: एक या डिस्कमध्ये, एक कपाटात, एक गावी वहिनीकडे. तिन्ही जाती एकाच वेळी थांबणार नाहीत, असा विद्यार्थ्याचा हिशेब आहे. एकेचाळिसावीची प्रत मात्र कुठेच ठेवलेली नाही. ती मी पाठ करते आहे. तिसरी ओळ कोणती घ्यावी, हे अजून ठरत नाही.