कानपाई आणि पाचवे शील

लालबागच्या एका तरुणाला जपानी कंपनीत नोकरी लागली. पेढे घेऊन तो आमच्याकडे आला, बरोबर आई. जयभीम झाला, पण चेहरा चिंतेचा. "काका, शनिवारी जेवण आहे. जपानहून साहेब आलेत. ग्लास पुढे केला तर?" त्याचे वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर दारूने त्यांना नेले. तेव्हा प्रश्न साधा नव्हता.

आम्ही पडलो कारकून, जपानी कुठून येणार? तरी विचारून, वाचून थोडे जमवले.

पेला उचलताना जपानी माणसे 'कानपाई' म्हणतात. शब्दाचा अर्थ कोरडा पेला, पण घोटभर घेतले तरी चालते. कानपाई होईपर्यंत कुणी पेला ओठाला लावत नाही. आपल्या पेल्यात आपणच ओतायचे नाही, शेजाऱ्याने ओतायचे. धाकट्याने बाटली दोन्ही हातांनी धरायची, वडीलधाऱ्यापेक्षा आपला पेला किंचित खाली ठेवायचा. मयताच्या जेवणात 'केनपाई' म्हणतात. तेव्हा पेल्याला पेला लावत नाहीत.

"बुद्धाला मानणारी माणसं पितात कशी?" आईने विचारले. प्रश्न रास्त आहे. पाचवे शील जपानी बौद्धांतही आहे. पण तिथल्या भिक्खूंनीच दारूला एक टोपणनाव ठेवले, 'हान्न्यातो'. हान्न्या म्हणजे प्रज्ञा, तो म्हणजे काढा. प्रज्ञेचा काढा! आम्हांला आधी हसू आले, मग राग. आमच्या चाळीतही 'औषध घेतो' म्हणणारे कमी नव्हते.

त्याच भाषेत न पिणाऱ्यालाही शब्द आहे, 'गेको'. "वाताशी वा गेको देसु", म्हणजे मी पीत नाही. हे वाक्य आम्ही पोराकडून दहा वेळा म्हणवून घेतले. कानपाईला चहाचा ग्लास उचलला तरी भागते.

पण साहेबांच्या ग्लासात ओतायचे की नाही? आमचे मत पडले, मद्याचा व्यापार बुद्धाने निषिद्ध सांगितला. पाहुण्याला ओतणे हा काही व्यापार नव्हे. आई एकदम म्हणाली, "बापाच्या हातातली बाटली यानंच हिसकावली होती, भाऊ. आता त्याच हातानं ओतायची?" आम्ही गप्प बसलो.

रविवारी पोरगा आला. बाटली त्याने उचललीच नव्हती. वाक्य म्हणताना जरा अडखळला, साहेब हसले आणि चहाची किटली घेऊन त्याचा ग्लास त्यांनीच भरला.

"ग्लास दोन्ही हातांनी धरलास ना?"

"धरला, काका."