जुनी कथा आणि नवा नाद

संगीत नाटक म्हटले की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते : नांदी, सूत्रधार, रंगमंचापुढे बसलेले पेटीवाले आणि तबलजी, आणि पुराणांतील एखादी सर्वश्रुत कथा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून हे चित्र आपल्या मनांत इतके घट्ट बसले आहे की, पुराणकथेच्या आसपास विजेचे यंत्र आले तर पुष्कळांना विटाळ झाल्यासारखे वाटते. पाश्चात्त्य देशांत सुमेर देशाच्या अतिप्राचीन कथांवर ध्वनिमुद्रित आणि विद्युत्-निर्मित नादांची संगीत-नाट्ये रचली जातात, असे आमच्या फ्रीगंजांत कोणास सांगितले, तर 'ही कथेची विटंबना' असाच अभिप्राय बहुधा ऐकावयास मिळेल.

तो मला मान्य नाही.

ती सुमेरी कथा तरी काय आहे, हे प्रथम पाहू. इनान्ना नावाची देवी पाताळांत उतरते. वाटेत सात द्वारे लागतात आणि प्रत्येक द्वारी द्वारपाल तिच्याकडून एकेक वस्तू काढून घेतो. प्रथम मुकुट, मग गळ्यांतील नीलमण्यांची माळ, असे करीत अखेरीस अंगावरचे वस्त्रही जाते. पाताळांत तिला मृत्यू येतो. पुढे जीवनाचे अन्न आणि जल मिळून ती परतते, पण तिच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी तेथे जावे लागते. आपल्या नचिकेत्याची आणि सावित्रीची आठवण करून देणारी ही कथा सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या फलकांवर कोरलेली सापडली. ती त्या काळी कोणत्या स्वरांत गात, हे आज कोणीच सांगू शकत नाही. मग तिला अमुकच वाद्य शोभते, असा हट्ट धरावयाचा कोणी? मला विचाराल तर आरंभी सात नाद एकत्र वाजू द्यावेत आणि प्रत्येक द्वारी एकेक थांबवावा; सातव्या द्वारानंतरची शांतता प्रेक्षकांच्या अंगावर काटा आणील.

१९४८ साली पॅरिसच्या नभोवाणींत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी आगगाडीचे आवाज मुद्रित करून त्यांचीच एक संगीतरचना केली. फ्रीगंजांत राहणाऱ्याला याचे नवल वाटू नये. पुलापलीकडून येणारी इंजिनाची शिटी आणि डब्यांचा ठेका ऐकतच आपण लहानाचे मोठे होतो. पुढे १९५३ साली शेफर आणि पिएर आँरी यांनी ग्रीक पुराणांतील ऑर्फियसची कथा याच पद्धतीने जर्मनींत सादर केली, तेव्हा प्रेक्षक भयंकर खवळले. नव्या वाद्यावर असे खवळणे आपल्यालाही नवे नाही. ज्या पेटीला आज आपण संगीत नाटकाचा प्राण मानतो, ती मूळची फ्रान्सची. आणि १९४० साली आकाशवाणीने तिला परकी ठरवून बंदी घातली, ती सैल व्हावयास तीन दशके लागली! बालगंधर्वांच्या रंगमंचावरचा ऑर्गन तरी कोठे स्वदेशी होता?

पण याहून मोठा पुरावा आपल्याच गावांत आहे. कालिदासाचा यक्ष मेघाला सांगतो की, महाकाळाच्या मंदिरी तू अवेळी पोचलास तरी सूर्यास्तापर्यंत थांब आणि सायंपूजेच्या वेळी आपल्या गडगडाटाने नगाऱ्याचे काम कर. आकाशांतला आवाज उचलून पूजेच्या वाद्यवृंदांत बसविणारा हा कवी! शेफरने आगगाडीचे जे केले, ते कालिदासाने मेघाचे केले, एवढेच. याच उज्जयिनींत घडणाऱ्या 'मृच्छकटिका'त शर्विलक चारुदत्ताच्या घरी भिंत फोडून शिरतो, तेव्हा त्याला प्रथम धन दिसत नाही. दिसतात ते मृदंग, वीणा आणि बासऱ्या. आणि पाचव्या अंकांतील ते वादळ, ज्यांतून वसंतसेना चारुदत्ताकडे निघते! गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठींत आणले. मराठी माणसाने उज्जयिनीचे फेडलेले हे ऋण आहे, असे मी समजतो.

मात्र यंत्राचा कैवार घेणाऱ्यांनाही एक गोष्ट ऐकविली पाहिजे. हल्ली कित्येक शाळांच्या स्नेहसंमेलनांत बाजारांतून तयार 'ट्रॅक' आणतात, कळ दाबतात आणि मुले ओठ हलवितात. वर्षभर तबल्यावर हात बसविलेला मुलगा प्रेक्षकांत बसून राहतो. यांत नवे काही नाही आणि जुनेही काही नाही. शेफर स्वतः यंत्र घेऊन स्थानकावर गेला होता. आवाज निवडणे, कापणे, उलटा फिरविणे यांत त्याचे कान आणि त्याची बुद्धी राबली होती. जवळच देवासला कुमार गंधर्व आजारपणांत खाटेवर पडून माळव्याची लोकगीते ऐकत राहिले, आणि त्या ऐकण्यांतूनच पुढे त्यांचे गाणे उमलले. ज्याने स्वतः ऐकलेच नाही, त्याच्या हाती महागडे यंत्र देऊन काय होणार?

म्हणून विद्यार्थिमित्रांना माझी सूचना अशी. पुढील संमेलनासाठी देवलांच्या 'मृच्छकटिका'तील वादळाचा प्रवेश घ्यावा. आषाढांत पाऊस लागला की आपल्या पत्र्यावरचा, पन्हळीचा, रामघाटाच्या पायऱ्यांवरचा आवाज टिपून ठेवावा. टिपण्याचे साधन आज घरोघरी मोबाईलच्या रूपाने आहे. पदे मुलींनी स्वतः गावीत, पेटी आणि तबला शाळेच्याच मुलांकडे असावा, आणि मुद्रित पावसाची लय कोठे वाढवावयाची व कोठे थांबवावयाची, हे तबलजीने ठरवावे. यंत्र सांभाळणाऱ्या मुलाने तालमींना पहिल्या दिवसापासून हजर राहावे. खर्च जवळजवळ काहीच नाही. वेळ मात्र पावसाळ्यापासून संमेलनापर्यंत पुरता लागेल.