जनसंपर्काचा धंदा आणि आमचे विद्यार्थी

पदवीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांमध्ये तीनच रस्त्यांची चर्चा होते. स्पर्धा परीक्षा, बी.एड. आणि फार झाले तर वकिली. (वकिलीत आम्हीच आहोत, तेव्हा तिच्याविषयी अधिक बोलत नाही.) जनसंपर्क हा चौथा रस्ता कोणी सुचवीत नाही. पी.आर.ओ. म्हणजे रुग्णालयाच्या काउंटरवर बसून गोड बोलणारा माणूस, एवढीच आमची समजूत! प्रत्यक्षात कंपन्या, सरकारी खाती, विद्यापीठे व पक्ष यांच्याविषयी सकाळी पेपरात जे छापून येते, त्यातील पुष्कळसे आदल्या दिवशी कोणीतरी लिहून पाठविलेले असते. काय आधी सांगायचे, काय वगळायचे, हे तोच ठरवितो. वाचकाला मात्र ते वार्ताहराचेच वाटते.

याची किंमत समाजाने मोजलेली आहे. मूकनायकची जाहिरात पैसे देऊनही केसरीने छापली नाही, ही १९२० ची गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण खैरलांजी तर आपल्या डोळ्यांदेखत घडली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली आणि पहिल्या दिवसांतल्या त्रोटक बातम्यांना ‘अनैतिक संबंधां’चा रंग होता. तो पुसण्यासाठी कार्यकर्त्यांना गावात जाऊन सत्यशोधन अहवाल लिहावे लागले, रस्त्यावर उतरावे लागले. पहिले टिपण कोणाचे, हा प्रश्न किरकोळ आहे काय?

या धंद्याचा इतिहासही विद्यार्थ्याने डोळे उघडे ठेवून वाचावा. अमेरिकेत आयव्ही ली या माणसाने १९०६ मध्ये जाहीर केले की, आमचे काम उघड असेल, माहिती अचूक असेल. त्याच लीने १९१४ मध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला होऊन बायका-मुले मेल्यानंतर, मालक रॉकफेलरच्या बाजूने पत्रके काढली. त्यात संपाच्या पुढाऱ्यांच्या पगाराचे फुगविलेले आकडे होते. लेखक अप्टन सिंक्लेअरने त्याला ‘विषारी आयव्ही’ असे नाव ठेवले. उघडेपणाची शपथ आणि मालकाची पत्रके एकाच माणसाने लिहिली. आजही अशील कोण आणि लिहिणारा किती वाकतो, यावर सारे ठरते.

मग सुरुवात कशी करावी? अभ्यासक्रम आहेत. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटपासून विद्यापीठांच्या पत्रकारिता विभागांपर्यंत. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्रही आहे. जिल्हा माहिती अधिकाऱ्याची पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात, हे स्पर्धा परीक्षावाल्यांनीही ध्यानात घ्यावे. पण प्रवेशाची वाट पाहत बसू नये. वसतिगृहातील व्याख्यान, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, गावातील वाचनालय, यांची प्रेसनोट आजच लिहावी. काय, कुठे, केव्हा, कोण, हे पहिल्या परिच्छेदात. पाहुण्यांची विशेषणे गाळावीत, म्हणजे अर्धी नोट आपोआप कमी होते! फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावे. शेवटी फोन नंबर. दुपारीच पाठवावी, रात्री पान लागताना नव्हे. छापून आलेल्याची कात्रणवही करावी. मुलाखतीला ती प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते. आणि आपल्या मराठीची लाज बाळगू नये. मुंबईच्या एजन्सीत इंग्रजीत लिहिलेली नोट मराठीत येते तेव्हा तिची जी दशा होते, ती जिल्ह्याच्या पेपरचा कोणताही उपसंपादक सांगेल. दोन्ही भाषांत सरळ लिहिणाऱ्याला तिथे काम आहे.

आता खरी अडचण. एजन्सीत शिरण्याचा दरवाजा म्हणजे इंटर्नशिप, आणि ती पुष्कळ ठिकाणी बिनपगारी. दोन-तीन महिने मुंबईत राहून, लोकलचा पास काढून, फुकट काम कोण करू शकतो? ज्याचे घर दादरला किंवा पार्ल्याला आहे तो. उदगीरच्या, पुसदच्या शेतमजुराच्या मुलीने काय करावे? गुणवत्तेची भाषा करणारे या चाळणीबद्दल कधी बोलत नाहीत. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ प्रमाणे रीतसर करार झाला तर विद्यावेतन द्यावेच लागते, पण बहुतेक एजन्सी ‘इंटर्न’ हा शब्द वापरून त्या करारापासून दूर राहतात. २०२४ मध्ये केंद्राने आणलेल्या इंटर्नशिप योजनेत महिना ५,००० रुपये ठरले, पण पूर्णवेळ शिकणारा त्यातून वगळला. म्हणजे शिकताना सुरुवात करणाऱ्यासाठी तिथेही काही नव्हते. म्हणून आमचे म्हणणे असे की, मुदत, कामाचे तास, विद्यावेतन आणि प्रमाणपत्र या चार गोष्टी लेखी मागाव्यात, आणि विद्यार्थी संघटनांनी महाविद्यालयांच्या प्लेसमेंट सेलकडे बिनपगारी जागा फलकावर लावू नका, अशी निवेदने द्यावीत.

वकील म्हणून एक सूचना. नोटेत खोटे लिहिले आणि कोणाची बदनामी झाली, तर साहेबांनी सांगितले होते हा बचाव पुरत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ लिहिणाऱ्यालाही लागते. बातमीच्या वेषात जाहिरात विकणे आणि वार्ताहराला पाकीट देणे, हे पहिल्याच दिवशी नाकारावे.

आणि आपल्या संस्थांना काय म्हणावे? १४ एप्रिलला मंडपावर, डी.जे.वर हजारो रुपये जातात. प्रेसनोट मात्र अध्यक्षांचा भाचा रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर टाकतो, तीही सत्कारमूर्तींच्या नावांनी भरलेली. प्रत्येक जयंती समितीने, प्रत्येक विहाराने यंदा एका शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला हे काम सोपवावे, मानधन द्यावे आणि समितीच्या लेटरहेडवर अनुभवाचे पत्र द्यावे. रक्कम पाचशे असो की दोन हजार, जमाखर्चात तिची वेगळी ओळ असावी.